खिडकीजवळचं ताट

उत्तरेकडून पूल ओलांडून गावात शिरलं की उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि मध्ये भातखाचरांची लांबच लांब पट्टी. ती काही ठिकाणी इतकी चिंचोळी आहे की बांधावर उभं राहिलं तर लाटा ऐकू येतात. हमरस्ता बरोबर मधून जातो. रस्त्याच्या समुद्राकडचे लोक पहाटे जाळी ओढतात आणि उन्हं चढली की शेतात जातात. डोंगराकडचे फक्त शेती करतात आणि समुद्राकडच्यांना उगीचच आळशी म्हणतात. मी या गावात एकदाही गेलेले नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत अठरा वर्षं काढूनही इथल्या रिंग रोडवर माझं वळण हमखास चुकतं, पण त्या गावात मला डोळे बांधून सोडा, मी बाजार गाठीन.

गाव फिलिपिन्सच्या उत्तरेला, इलोकोस नावाच्या किनाऱ्यावर आहे आणि ते मला काकूंनी शिकवलं. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. माझ्याबरोबर थिएटरमध्ये काम करणारी नर्स माझी घट्ट मैत्रीण, आणि काकू तिची आई. त्या उन्हाळ्यात लेकीकडे राहायला आल्या. दर बुधवारी मला सुट्टी आणि लेकीला ड्युटी, म्हणून मी त्यांना सोबत करायला जाऊ लागले. काकू हे नाव मीच लावलं. एवढ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. त्या मला डॉक म्हणत. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे इंग्रजी खणखणीत आणि शिकवायची खोड शाबूत.

त्या गाव सांगायच्या ते जेवणाच्या टेबलावर. टेबलाची खिडकीकडची कड म्हणजे समुद्र, अंथरलेला टी टॉवेल म्हणजे खाचरं, मिरीची बाटली म्हणजे जाड विटांचं जुनं चर्च. पावसाळ्यात सगळीकडे भात. भात कापलं की त्याच जमिनीत लसूण, डोंगराच्या बाजूला तंबाखू, राहिलेल्या तुकड्यात मूग. लसूण उपटला की पातीसकट वाळवायचा, त्याच्या वेण्या घालायच्या आणि खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली टांगायच्या.

इथे मी त्यांना अडवलं. मी अलिबागजवळची. आमच्याकडेही भात निघालं की त्याच शेतात पांढरा कांदा, आणि कांद्याच्या अश्शाच वेण्या. माझे वडील त्या घालत बसायचे आणि मी आयती शेजारी बसून गप्पा मारायची. काकूंनी चष्म्यातून माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"म्हणजे तू शेतकऱ्याची आहेस," त्या म्हणाल्या. "मग मासे का खात नाहीस?"

अलिबागची असून मासे न खाणारी हा माझा उद्धार मी जन्मभर ऐकत आले आहे. आता तो पार फिलिपिन्सपर्यंत पोचला.

त्यांच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी चुलीवर आटवून मीठ करतात. त्यामुळे असेल, काकूंचा मिठाचा हात भलताच सढळ. मी एकदा ब्लडप्रेशरवर चार शब्द सुनावले, तर म्हणाल्या, "डॉक, तुझ्या जेवणाने माणूस भूल न देताच झोपेल."

एका बुधवारी मात्र टेबलावर गाव मांडता मांडता त्या स्वतःच्या घरापाशी येऊन थांबल्या. चर्चच्या मागे, समुद्राकडच्या बाजूला, लसणाच्या शेताला लागून त्यांचं घर. काका दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्याकडे रीत अशी की कुठूनही निघताना मागे वळून आपल्या माणसाला मोठ्याने हाक मारायची: चल, मागे राहू नकोस. नाहीतर जीव तिथेच रेंगाळतो. काका गेल्यावर काकू बाजाराला निघाल्या तरी दारातून त्यांना हाक मारायच्या. आणि नेमकं इंग्लंडला निघताना भाच्याने गाडीचा हॉर्न वाजवून वाजवून एवढी घाई केली की काकू हाक मारायलाच विसरल्या. विमानात बसल्यावर आठवलं.

"ते बिचारे कुलूप लावलेल्या घरात बसले असतील," त्या म्हणाल्या. त्यांनी मिरीची बाटली उचलून जागेवर ठेवली. त्या दिवशी पुढचं गाव झालं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी घरी जाऊन माझ्या नवऱ्यावर उगीचच खेकसले.

नोव्हेंबर आला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचा दिवस असतो. मैत्रिणीने संध्याकाळी चार लोकांना जेवायला बोलावलं. मी मेसेज टाकला की माझं शाकाहारी आहे, फक्त अंडं चालेल. उत्तर आलं: काळजी नको, तुझी प्लेट वेगळी ठेवलीय.

मी थिएटरमधून थेट गेले. आठवडाभर सर्दीने बेजार, दुपारचं जेवण बुडालेलं, पोटात कावळे ओरडत होते. दार मैत्रिणीने उघडलं आणि ती तशीच पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला पळाली. काकू स्वयंपाकघरात काहीतरी तळत होत्या. आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर माझी प्लेट वाट बघत होती. भात, मुगाची आमटी, उकडलेलं अंडं, नारळ घातलेला चिकट भाताचा केक, छोट्या पेल्यात लालसर सरबत. मासा नाही, मटण नाही. शेजारी मेणबत्तीसुद्धा लावलेली. मला वाटलं, काय हौस आहे हिला.

मी बसले आणि जेवले. समोर भिंतीवर काकांचा फोटो होता, त्यांच्याकडे बघत बघत जेवले. सरबत जरा कडक लागलं. ती उसाची दारू होती हे नंतर कळलं. केकचा शेवटचा तुकडा तोंडात होता तेव्हा मैत्रीण पाहुण्यांना घेऊन आत आली आणि दारातच खिळली. त्याच वेळी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात फॉइल झाकलेली एक प्लेट होती. माझी.

मग मैत्रीण हळूच म्हणाली, "ते पपांचं होतं."

मी पितरांचं पान जेवले होते. तेही असं, की ज्या माणसाला इथे यायचा रस्ता सापडलाय की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, त्याच्यासाठी काढून ठेवलेलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडे कावळा शिवायच्या आधी पानाला बोट लावलं तर आजीने माझी चामडी लोळवली असती.

काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. रिकाम्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डॉक," त्यांनी विचारलं, "चव कशी होती?"

एरवी मी डोळे मिटून छान म्हटलं असतं. पाहुण्याने तेच म्हणायचं असतं. पण इतकी ओशाळले होते की तोंडातून खरं तेच निघून गेलं.

"अळणी होतं, काकू. सगळंच."

"मूगसुद्धा?"

"मूगसुद्धा."

काकूंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं आता रडणार. त्या रडल्याही, पण हसत हसत, आणि मैत्रिणीचा दंड धरून आपल्या भाषेत भराभर काहीतरी सांगू लागल्या. मग मैत्रीणही रडायला आणि हसायला लागली. त्यांच्या गावात मानतात की गेलेलं माणूस जेवून गेलं की अन्नाची चव जाते. आणि काकूंच्या हातचं अळणी असूच शकत नव्हतं, याला मी स्वतः साक्षीदार होते.

"म्हणजे ते आधीच जेवून गेले," काकू म्हणाल्या. "तू उष्टं खाल्लंस."

त्या रात्री मी माझीही प्लेट जेवले. काकूंनी आग्रह करकरून वाढलं. काका हाक न मारताच मागून आले, कारण त्यांना एकटं जेवता येत नाही, असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होत्या. मला उसाची दारू जरा चढली होती आणि मी अतिशय आनंदात होते.

घ्यायला नवरा आला. गाडीत त्याला सगळं सांगितलं.

"अगं, पण तुला कोल्ड आहे ना," तो म्हणाला. "सकाळी पोह्यांना काही टेस्टच नाही म्हणून मलाच ब्लेम केलंस."

"सर्दीत वास जातो. मीठ जिभेला कळतं."

"शुअर?"

"मी डॉक्टर आहे की तू?"

तो हसत हसत गाडी चालवत राहिला. मी मात्र घरापर्यंत पोहे आठवत राहिले. त्यात मीठ होतं की नव्हतं, ते काही केल्या आठवेना.

डिसेंबरात काकू परत गेल्या. आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. आत शिरण्याआधी त्या सगळ्या रांगेसमोर मागे वळल्या आणि शाळेतल्या आवाजात काकांना हाक मारली. पुढचा एक इंग्रज गृहस्थ दचकून बाजूला झाला. मागे कोणी राहिलं असेल असं मला तरी वाटत नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होते. वेळेवर पोचले नाही. त्यांचं पान मी इथे कधी वाढलं नव्हतं; इतक्या लांब कोण येणार, असं मनाला समजावून मोकळी झाले होते. यंदा सर्वपित्रीला मात्र मी पहाटे उठून वालाचं बिरडं केलं. नैवेद्याचं चाखायचं नसतं, ते चाखलं नाही. मागच्या अंगणात बाकावर पान ठेवलं आणि अलिबागच्या दिशेने, साधारण शेजाऱ्यांच्या शेडकडे तोंड करून, बाबांना हाक मारली. मोठ्याने. शेजारीण पडद्याआडून बघत होती.

तासाभराने पान आत आणलं आणि बिरड्याचा एक घास घेतला. सर्दी नव्हती. घास अळणी होता.

"मीठ विसरलीस बहुतेक," नवरा म्हणाला. "पातेल्यातलं टेस्ट करून बघ ना."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि बाबांचं पान पुढ्यात ओढून जेवायला बसले.