मंजय्याने बांधलेला किरीट

मंजय्या आचार्य रागीट आहे, असं कुंदापुराच्या आसपास सगळेच सांगतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांना राजे करून स्वतः पत्र्याच्या गोदामात घामाघूम होणारा माणूस शांत राहिला असता, तर मला त्याचाच संशय आला असता.

ऐताळांच्या भातगिरणीमागे त्यांचंच हे गोदाम आहे. यक्षगानाचे वेश तिथून भाड्याने जातात. शाळेच्या गॅदरिंगसाठी सहा वेश निवडायला मी दरवर्षी जातो आणि दरवर्षी आधी बोलणी खातो.

"मास्तर, हात मागे! बोटाचं तेल लागलं की बेगड काळी पडते."

मंजय्या खांद्यावरचा दागिना करत होता. कोरलेल्या लाकडावर कापड चिकटवायचं, त्यावर सोनेरी बेगड, मग खाचेखाचेत आरशाचे तुकडे. मी दागिना उचलून पाहिला आणि लाकूड इतकं हलकं कसं, असं विचारलं. झालं, चूक झाली.

"बत्तीस वर्षं शाळेत शिकवता, एवढं कळत नाही? रंगमंचावर गुडघे टेकून गिरक्या घ्यायच्या असतात त्यांना. जड लाकूड घातलं तर मान राहील जागेवर?"

मग त्याने किरीट कसा बांधतात ते माझ्याच डोक्यावर करून दाखवलं. आधी कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली, वर किरीट बसवला, मानेमागून दोऱ्या घेऊन छातीवर गाठ मारली. मी गर्रकन फिरलो. किरीट जरासुद्धा हलला नाही.

"दोरी ताठ मानेलाच धरते," तो म्हणाला. "नमस्कार काय करायचे ते आधी, चौकीत, रंग लावायच्या जागी. किरीट चढला की वाकायचं नाही. देव आला तरी नाही."

त्याच्या बापाने त्याला चौथीतून काढून या कामाला बसवलं होतं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. मात्र त्याने बांधलेला किरीट रंगमंचावर एकदाही पडला नाही. हे तो सांगत नसे, मेळ्यातले, म्हणजे यक्षगानाच्या फिरत्या मंडळ्यांतले, कलाकार सांगत. एवढीच त्या माणसाची मिळकत.

तो माझ्या गाठी सोडत होता तेवढ्यात ऐताळ आले. सोबत लग्नांची कंत्राटं घेणारा हर्षराज. त्याने हातातलं पोतं खाली ओतलं. किरीटाची दोन शकलं बाहेर पडली. अख्खा पावसाळा खपून मंजय्याने केलेला किरीट होता तो.

"तुमच्या माणसाचं बांधणं कच्चं आहे, ऐताळ. नवरीच्या मामांच्या पायावर पडला मुकुट. माझी इज्जत गेली."

मंजय्याने शकलं जुळवून पाहिली. "पडला कसा?"

"दारात स्वागताला राजा उभा केला होता. पाहुणा आला की वाकायचं आणि सरबताचा ट्रे पुढे करायचा."

"किती पाहुणे?"

"चारशे तरी असतील."

मंजय्या उभा राहिला. "राजाच्या हातात ट्रे दिलास? अरे, सरबत वाटायला वाढपी ठेव की! त्याला वाकता येतं. त्याच्या डोक्यावर माझं काम नसतं."

"आजोबा, रोजावरची पोरं ती. कसला राजा आणि काय!"

ऐताळ मध्ये पडले. "मंजय्या, मेळे आता आपापले वेश बाळगतात. गोदाम चालतं ते याच्या लग्नांवर. दोरी सैल राहिली म्हण, माफी माग आणि विषय संपव. तुझं काय जातंय?"

"सैल नव्हती."

"मग किल्ली ठेव आणि घरी जा."

माझं डोकं सणकलं. आयुष्यभर राबलेल्या माणसाशी हे असं बोलणं? मी हर्षराजला चांगलंच फैलावर घेतलं. किरीट घातलेल्याला कुणापुढे वाकवायचं नसतं, एवढी अक्कल नाही? पैशासाठी आपलं सगळं विकायला काढलंत? आवाज चांगलाच चढला होता आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतही होता.

"मास्तर, तुम्ही बोलू नका," मंजय्या म्हणाला.

मी थांबलो.

"गेल्या वर्षी तुमच्या शाळेत आमदार आले. सातवीतल्या त्या पोरीला मी किरीट बांधला होता. तिला त्यांच्या पाया पडायला कोणी लावलं? मी पडद्यामागून धावत आलो आणि मागून किरीट धरला, म्हणून वाचला. फोटो काढलाय ना तुम्ही? बघा त्यात."

फोटो हेडमास्तरांच्या खोलीत लावलेला आहे. किरीटामागचा तो हात मी रोज पाहतो. कुणाचा, हे कधी विचारलं नाही.

मंजय्याने कमरेची किल्ली काढून ऐताळांच्या हातात दिली. आरसे बसवायचा चिमटा तेवढा खिशात टाकला. मग तो माझ्याकडे वळला.

"शनिवारी तुमच्या मुलांना बांधायला येईन. शब्द दिलाय. पण आमदार येणार असतील तर आत्ताच सांगा."

शनिवारच्या गॅदरिंगची आमंत्रणपत्रिका मी सकाळीच आमदारांच्या घरी स्वतः देऊन आलो होतो.

"अजून काही ठरलेलं नाही," मी म्हणालो.