पेटीखालची कोरडी जमीन

आत्याची नक्कल करायची तर आधी श्वास रोखावा लागतो. मग हनुवटी आत ओढायची, समोरच्याने काहीतरी नासवून ठेवलंय अशा नजरेने एकाच जागी बघायचं आणि श्वास सोडता सोडता कोरडेपणाने म्हणायचं, "कमाल, बेचाळीस पूर्णांक एक." घरात सगळे हसतात. आत्या सोडून.

श्वास ती उगाच रोखत नाही. पाणीपुरवठ्याच्या आवारात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. तिला चारी बाजूंनी झडपा आहेत आणि आत थर्मामीटर. दार उघडून आकडा बघताना तोंडाची वाफ काचेवर गेली तर पारा हलेल, म्हणून वाचून होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही, हे तिला आजोबांनी शिकवलं. आजोबा तिथे पंप चालवायचे आणि पेटीही वाचायचे. त्यांच्या मागे नोकरी आत्याला लागली, त्याबरोबर पेटी पण. सकाळी एकदा, दुपारी एकदा वाचायचं, हवामान कार्यालयाला फोन करून आकडा सांगायचा. सुट्टी नाही. तिला बघायला आलेल्या एकाने विचारलं होतं म्हणे, की लग्नानंतर रविवारी तरी घरी असाल ना? आत्याने त्यालाच विचारलं, रविवारी ऊन पडत नाही का तुमच्याकडे? ते स्थळ गेलं ते गेलंच. "सुटला बिचारा," असं आई म्हणते. आम्ही नाही सुटलो, हे म्हणत नाही, पण ऐकू येतं.

चार माणसांत आई तिला "ताई" म्हणते. घरात मात्र "वन्सं", आणि ते असं, की भात खाताना दाताखाली खडा यावा.

पूर्वी पेटीभोवती गवत होतं आणि कुंपणापलीकडे माळ. मग गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून अर्ध्या आवारात डांबर ओतलं. मग माळावर ती इमारत आली, सगळी काचेची. लोक तिला आरसाच म्हणतात. दुपारी तिच्यावर पडलेलं ऊन उलटून आमच्या बाजूला येतं. खालच्या दुकानांनी आपापल्या एसीचे डबे भिंतीवर चढवले, तोंडं पेटीकडे करून. आत गार, बाहेर आत्या.

पारा चढायला लागला. आधी जरासा, मग बिनधास्त. उन्हाळ्यात पहाटेसुद्धा खाली येईना, कारण डांबर आणि भिंती रात्रभर गरमच. सकाळचा किमान आकडा वाचून आत्या म्हणायची, "दिवस खाल्ला, आता रात्र पण खाल्ली मेल्यांनी."

मग काय, रोज भांडण. आरशाच्या वॉचमनशी, दुकानदारांशी, डांबर टाकणाऱ्याशी, आणि घरी आल्यावर उरलंसुरलं आमच्याशी. वॉचमनचं एकच उत्तर: मला काय विचारता, मी फक्त बसतो इथे. इमारतीचे चेअरमन मात्र खाली उतरून यायचे. प्रत्येक वाक्याआधी "कसं आहे ना". आणि ते "ना" असं लांबवणार, की ऐकणाऱ्याला हात पुसावेसे वाटावेत. त्यांचंही दुखणं होतं. पेपरात रोज आमचाच भाग सगळ्यात गरम म्हणून छापून यायचा. फ्लॅट बघायला आलेले लोक विचारायचे, इथे भट्टी आहे का? चेअरमनांनी आत्याला आकडे जरा सांभाळून सांगायला सांगितलं. आत्याने त्यांना एसी सांभाळून लावायला सांगितले. शेवटी त्यांनी हवामान कार्यालयाकडे तक्रार केली, की या बाई मुद्दाम आकडे फुगवतात, पेटी हलवा.

कार्यालयाचा निरोप आला. तपासणीला अधिकारी येतील, जागा आणि काम पटलं नाही तर ही पेटी बंद. गावाबाहेर नवी लावणारच आहेत.

त्यानंतर आत्या कुणाशीच भांडेना. आई घाबरली. "वन्सं आजारी आहेत का बघ गं," मला म्हणाली. तेव्हा बाबांनी समजावलं. आजोबांच्याही आधीपासून त्या एकाच जागेवरचे आकडे सलग चालत आलेत. पेटी उचलली की ते तिथेच तुटले, नंतर कुणी कितीही शहाणा आला तरी मधला काळ परत मोजता येत नाही. "आणि ताईला दुसरं आहे काय?" असं म्हणून त्यांनी आईकडे बघितलं. आईने पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं.

तपासणीच्या दिवशी आत्या चष्मा घरी विसरली. आईने तो माझ्या हातात दिला. चष्मा विसरल्या म्हणजे टरकल्यात, जा देऊन ये, आणि तिथे काय काय होतं ते नीट ऐकून ये, आवाजांसकट, असा हुकूम.

मी पोचले तेव्हा अधिकारी मॅडम भिंतीपासून पेटीपर्यंत टेप धरून अंतर मोजत होत्या. बारीक, डोक्यावर टोपी, बोलणं म्हणजे कपाटाचा खण बंद केल्यासारखं. डांबराचे फोटो काढले, काचांचे काढले, एसीच्या डब्यांसमोर नुसता हात धरून उभ्या राहिल्या. आत्या मागे मागे. मग चेअरमन आले. त्यांच्या डोक्यावर छत्री, आणि छत्री धरायला वॉचमन. वॉचमन उन्हातच.

"कसं आहे ना मॅडम," चेअरमन म्हणाले, "आमचं काही वैयक्तिक वैर नाही. पण या बाई आकडे वाढवून सांगतात. सगळ्यांना माहीत आहे."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मी इतकी वर्षं तिचा राग ऐकतेय, पण ही पट्टी मला नवीन होती.

"वाढवून? दोन उन्हाळे झाले, रोज दुपारी वाचायच्या आधी पाइप लावून पेटीखालची जमीन भिजवते मी. गार करून वाचते. वाढवून कसली, मी तर कमी करत होते!"

आपण जिंकलोय हे चेअरमनांना कळलंच नाही. मॅडमना लगेच कळलं. आत्याला सगळ्यात शेवटी.

"का?" मॅडमनी विचारलं.

आत्याचा आवाज एकदम खाली आला. इथे गवत असायचं, म्हणाली, सकाळी पाय ओले व्हायचे. दुकानांच्या एसीची वाफ मोजायला नाही ठेवलेलं मला, गावाची हवा मोजायला ठेवलंय. होती तेवढीच ओल परत आणत होते, जास्तीची एक बादली नाही.

"गाव आता हेच आहे," मॅडम म्हणाल्या. "ही काच, हे डांबर, हे डबे. माणसं याच हवेत झोपतात. पेटी खरंच सांगत होती, बाई. खोटं तुम्ही घातलंत त्यात."

आत्याने माझ्या हातातला चष्मा घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

मग मॅडमनी आपला निकाल सांगितला, तोही त्याच खण बंद करायच्या आवाजात. भिजवलेले दोन्ही उन्हाळे बाद. गावाबाहेर मोकळ्या जागेत नवी पेटी लागेल ती लागेलच. पण ही जुनी जागेवर चालू राहिली तर दोन्हींतल्या फरकावरून कळेल, की उन्हाचा वाटा किती आणि शहराने स्वतः शिजवलेला किती. त्यासाठी हिला कुणी हात लावता कामा नये. उन्हाळा संपेपर्यंत त्या न सांगता कधीही येतील. पाऊस नसताना एकदा जरी जमीन ओली दिसली, कुणीही केलेली असो, तर पेटी बंद.

हे चेअरमनांनी पण ऐकलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. पायपीट करून थकलेल्या माणसाला हवी ती वस्तू घराशेजारच्याच दुकानात दिसावी, तसा चेहरा.

संध्याकाळी मी आईला सगळा प्रयोग करून दाखवला. टोपी, छत्री, "कसं आहे ना", सगळं. बाबा पेपरामागे हलत होते. "मी तर कमी करत होते" वर आले आणि दारात आत्या.

"तिथे माझा आवाज याच्यापेक्षा चढला होता," ती म्हणाली आणि आत गेली.

आईने तिला जेवायला वाढलं आणि विचारलं, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला, वन्सं?"

आत्याने भात कालवला. विचारलं नव्हतंच कुणी.

पुढच्याच आठवड्यात चेअरमनांना झाडांचं वेड लागलं. आमच्या बाजूच्या भिंतीवर कुंड्यांची रांग आली आणि ऐन दुपारी, कावळासुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, वॉचमन पाइप घेऊन उभा. पाणी कुंडीत कमी, भिंतीवरून या बाजूला जास्त. ओहोळ सरळ पेटीच्या पायांकडे. आत्याने फावड्याने माती ओढून बांध घातला. दुसऱ्या दिवशी पाइपला फवारा लागला. आत्याने वॉचमनच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. त्याचं म्हणणं, मला साहेबांनी सांगितलंय, साहेब वर काचेतून बघतात. मॅडमकडे तक्रार करावी तर त्या म्हणणार, म्हणजे ओली झालीच ना? त्यात पाइपचा पूर्वीचा लौकिक आत्याचा. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

म्हणून ती राखणीला उभी राहायला लागली. सकाळपासून, तव्यासारख्या डांबरावर, एसीच्या तोंडाशी, हातात फावडं. जमिनीवर ओला डाग पडला की वर सुकी माती, पुन्हा खरडायची, पुन्हा माती. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. बाबा म्हणाले, ताई, पुरे कर आता. आई म्हणाली, राहू दे, घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा तिथेच बऱ्या.

ही भूमिका चार दिवस टिकली. मग बाजारातून कुणीतरी बातमी आणली, की चेअरमन सगळ्यांना सांगतात, त्या घरातल्या बायकाच तसल्या.

"बायका?" आईने विचारलं. "वन्संना काय म्हणायचं ते म्हणा, मी अडवलंय का? मला का धरलं त्यात?"

दुपारी तिने छत्री उचलली आणि मला म्हणाली, "तू पण चल. तोंड उघडायची वेळ आली तर तुझं लागेल."

उन्हाने डोळे उघडवत नव्हते. वॉचमन फवारा घेऊन हजर होताच. आत्या आणि आई भिंतीशी उभ्या राहून दोन बाजूंनी त्याच्यावर तुटून पडल्या. एकमेकींवर सराव करून करून दोघींची धार अशी झाली होती, की मधली भिंतसुद्धा वाकली असती. पण तो बिचारा वर काचेकडे बघायचा आणि पाणी सोडायचा. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी पंपाच्या खोलीमागे गेले, हनुवटी पुढे काढली, आवाज नाकात नेला.

"कसं आहे नाऽऽ, वॉचमन, आजपासून पाणी बंद. कुंड्या आत घ्या. आत्ताच्या आत्ता!"

आवाज काचेवर आपटून वरूनच आल्यासारखा झाला. "हो साहेब," वॉचमन काचेकडे बघून म्हणाला. नळ बंद केला आणि कुंड्या उचलायला लागला, इतक्या आनंदाने की मला वाईट वाटलं असतं. पण मी तेव्हा हसू फुटू नये म्हणून श्वास रोखून बसले होते. आई छत्रीत तोंड घालून उभी. आत्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या ओल्या डागावर माती टाकली, पेटीकडे गेली, दार उघडलं.

तिला तेव्हा फोनवर आकडा सांगताना भिंतीपलीकडच्या दुकानदारांनीही ऐकलं. एवढा मोठा आकडा तिने कधीच सांगितला नव्हता.

चेअरमनांनी नंतर वॉचमनला फैलावर घेतलं. वॉचमन अडून बसला: तुम्हीच ओरडलात साहेब, दोन बायका साक्षीला आहेत. त्यांचं ते भांडण इतकं पेटलं, की कुंड्या परत भिंतीवर चढल्याच नाहीत.

मॅडम आल्या त्या अशाच एका दुपारी, न सांगता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पेटीखाली वाकल्या, चिमूटभर माती घेतली, बोटांवर चोळली. नुसती धूळ. मग दार उघडून त्यांनी स्वतः आकडा वाचला, श्वास रोखून. "चालू राहू दे," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी आत्या जेवायला बसली.

"राहिली?" आईने विचारलं.

"राहिली."

"म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पण दुपारच्या तुम्ही घरी नाही."

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली आणि तिला भात वाढला, न विचारता, दुसऱ्यांदा.

आत्याने घास खाऊन संपवला आणि माझ्याकडे वळली. "तो चेअरमनचा कर," म्हणाली.

मी केला. "कसं आहे नाऽऽ" पासून "आत्ताच्या आत्ता" पर्यंत. बाबा हसून हसून पाणी प्यायला उठले.

आत्या हनुवटी आत ओढून ऐकत होती. "त्याचं ते 'ना' याच्यापेक्षा लोचट आहे," ती म्हणाली. "परत कर."