हिमायतनगरच्या अलीकडचा चढ

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं रोज एका खोलीत बसू लागली आणि चौघांनाही आपलंच खरं वाटत असलं, की ते आपोआप साचतात. आमची खोली नांदेडला, स्टेशनजवळ, गजाननच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागे आहे. तिथे आम्ही रेल्वेचा सिम्युलेटर बनवतो. म्हणजे खरा नकाशा घ्यायचा, उपग्रहाने मोजलेली जमिनीची उंची घ्यायची, त्यावर रूळ टाकायचे आणि कॉम्प्युटरवर इंजिन चालवायचं. गाव तेच, नदी तीच, वळण तेच.

याला कुणी 'गेम' म्हटलं की माझं डोकं सणकतं! जिल्ह्याच्या दैनिकात मी उभं आयुष्य बातमीदारी केली. मुदखेडचं मुखेड करणाऱ्या डेस्कशी भांडलो, पुढाऱ्यांशी भांडलो, मालकाशी भांडलो. निवृत्त झाल्यावर भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून नकाशाशी भांडायला लागलो. त्यातलेच हे काही किस्से.

*

पहिली गाडी आम्ही नांदेडहून मुदखेडकडे सोडली. आसना नदीपर्यंत झकास गेली. पुलापाशी इंजिनाने जी मान खाली घातली, ती सरळ पाण्यात! मागून सगळे डबे. मग पलीकडच्या काठावर इंजिन वर आलं, जणू म्हैस डुंबून निघाली.

झालं असं होतं, की नकाशाने आम्हाला नदीच्या पाण्याची उंची दिली होती, पुलाची नाही. मी भडकलो. "उपग्रहाला एवढा मोठा पूल दिसत नाही? आणि यावर आपण विश्वास ठेवायचा?"

गजानन शांतपणे पडद्यावरचं घड्याळ बघत होता.

"सर, पण गाडी टायमात हाय. एक मिनिट लेट न्हाई!"

*

धर्माबादचं स्टेशन तयार झालं, तेव्हा गजाननने तिथल्या एका आडत व्यापाऱ्याला दाखवायला बोलावलं. त्यांनी फलाट बघितला, सिग्नल बघितले, गोदामं बघितली आणि विचारलं, "मिरची कुठाय?"

खरंच की! मिरचीच्या बाजाराशिवाय धर्माबाद कसलं? गजाननने आठवडाभर खपून लाल ढीग तयार केले, बाजूला माणसं उभी केली. व्यापारी पुन्हा आले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"ढीग बरा हाय. पण एवढी माणसं जवळ उभी हायेत अन् एक बी शिंकून न्हाई राहिला. हे धर्माबाद न्हाई!"

*

इस्माईलभाई मात्र आमच्याकडे हौस म्हणून आले नाहीत, केस लढायला आले. निवृत्त इंजिन ड्रायव्हर, राहणार मुदखेड. गजाननच त्यांना घेऊन आला. भाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मला एकच जागा बनवून पाहिजे. हिमायतनगरच्या अलीकडची. मीटरगेजच्या टायमाची, जशीच्या तशी."

त्या जागी, मीटरगेजच्या काळात, भरदुपारी रिमझिम पावसात त्यांची मालगाडी थांबली होती. भाई म्हणत होते, चढ होता, रूळ ओले होते, चाकं जागच्या जागी फिरली. रेल्वेच्या एका साहेबाने सांगितलं, तिथे चढच नाही, ड्रायव्हर झोपला असणार. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: 'भरदुपारी ड्रायव्हरला डुलकी'. तेव्हापासून मुदखेडात त्यांचं नाव पडलं 'नींदवाले भाई'.

"नातवाचं लग्न ठरून राहिलं," ते म्हणाले. "पत्रिकेवर इस्माईल छापलं तर लोक विचारतील, हे कोण? हे नाव आता पुसायचं हाय मला."

पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हे शिकवणाऱ्या प्रज्ञा मॅडम आमच्यातल्या एकमेव शास्त्रशुद्ध सभासद. त्यांनी विचारलं, "पेपर कुठला होता?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यांचा."

"आणि बातमी?"

"ती बी यांचीच."

मी उसळलो. मला काय सगळ्या गाड्यांबरोबर पळत जाऊन रूळ मोजायचे होते? म्हणालो, "बातमी जबाबदार सूत्रांकडून आली होती!"

"सूत्र इंजिनात नव्हतं, साहेब," इस्माईलभाई म्हणाले. "मी होतो."

मी माघार घेणारा नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, "नकाशा ठरवेल. चढ निघाला तर मुदखेडच्या चौकात उभा राहून चूक कबूल करीन."

*

आमचे एक सभासद लातूरचे आहेत. बिराजदार सर, भौतिकशास्त्राचे. नांदेड-लातूरचं सख्य जगाला माहीत आहे. आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावर आमच्या खोलीत दोनदा चहा सांडला आहे. सर लातूरची जुनी नॅरोगेज लाईन बनवत होते. ती उखडून जमाना झाला, वर रस्ते आणि घरं झाली. सरांनी जुना नकाशा नव्यावर ठेवला, तर लाईन एका घरातून आरपार!

मोजमाप पक्कं करायला सर थेट त्या घरी गेले. बेल वाजवली. एका बाईंनी दार उघडलं. सर वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या स्वयंपाकघरातून गाडी जाते."

बाईंनी मागे वळून बघितलं.

"आत्ता? आत्ताच कुकर लावलाय की!"

*

इकडे गजाननने हिमायतनगरचा तुकडा पूर्ण केला. त्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. पडद्यावर उंचीची रेघ आली. इकडून तिकडे सरळ! भाकरी थापायच्या परातीसारखी सपाट.

"बघा!" मी ओरडलो. "चढ कुठाय? दाखवा ना चढ!"

इस्माईलभाई पडद्याजवळ गेले. रेघ बघितली, बाजूची झाडं बघितली, मग टोपी उचलली.

"ही माझी लाईनच न्हाई."

मला वाटलं, म्हातारा आता पळवाट शोधतोय. पण प्रज्ञा मॅडमनी उपग्रहाचं चित्र मोठं केलं. रुळांपासून थोड्या अंतरावर बाभळींची एक लांबच लांब रांग दिसत होती. शेतात बाभळी कधी ओळीत उगवत नाहीत. खाली जुन्या लाईनचा भराव होता! ब्रॉडगेज करताना तेवढ्या भागात रूळ बाजूला घेऊन चढ काढून टाकला होता, आणि आम्ही जुनी गाडी नव्या रुळांवर घातली होती. उपग्रह मोठ्या चौकोनाला मिळून एकच उंची देतो, त्यामुळे तो भराव आकड्यांत आलाच नव्हता.

"म्हणजे जागेवर न जाता ठरवलं आपण," प्रज्ञा मॅडम म्हणाल्या.

'आपण' म्हणताना त्या माझ्याकडेच का बघत होत्या, कोण जाणे!

*

मग गेलो जागेवर. मॅडमची तिपाई, तिच्यावरची दुर्बीण, आकड्यांची उभी पट्टी धरायला मी. दहा मिनिटांत बांधावर माणसं जमली. पुढे एक धिप्पाड शेतकरी.

"मोजणी बंद करा! एक गुंठा देणार न्हाई!"

"काका, जमीन नाही घेत. जुनी रेल्वे मोजून राहिलो," मॅडम म्हणाल्या.

"ती तर गेली. गेलेली मोजून काय करता?"

मी सगळं समजावून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये लाईन बनणार, गाडी धावणार, वगैरे. काका विचारात पडले. मागच्यांशी काहीतरी बोलले आणि परत आले.

"मग आमच्या गावाला तेवढा थांबा टाका. खऱ्यात कुणी दिला न्हाई!"

थांबा कबूल केल्यावर त्यांनीच कुऱ्हाडी आणून दुर्बिणीच्या आड येणाऱ्या बाभळी तोडून दिल्या. तोडता तोडता काका म्हणाले, "इथं गाडी लई धापा टाकायची. आम्ही पोरं खाली उतरायचो, बोरं तोडायचो अन् मागच्या डब्यात चढायचो."

मी पट्टी सरळ धरून उभा होतो.

"सर," दुर्बिणीतून डोळा न काढता मॅडम म्हणाल्या, "हे सूत्र तुम्हाला तेव्हा भेटलं नाही वाटतं?"

*

आकडे भरले, रूळ हलवले. रविवारी दुपारी सगळे जमले. बिराजदार सर सुट्टीला लातूरला गेले होते, तेही खास परत आले. इस्माईलभाईंनी जुनी डायरी आणली होती. तिच्यात त्या दिवशीचे डबे लिहिलेले होते. तेवढेच डबे जोडले. इंजिन तेच, मीटरगेजचं डिझेल. गजाननने रिमझिम पाऊस चालू केला.

"बसा, भाई," गजानन म्हणाला.

"मी नक्को. मी चालवली तर म्हणतील, मुद्दाम थांबवली. साहेबांना बसवा."

मला तेच हवं होतं. वर्षभर सराव केला होता मी! बसलो. हिमायतनगर जवळ येत होतं. चढ लागला तसा वेग उतरू लागला. हँडलचा नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर, एक पायरी वाढवला. अजून वाढवला. आठव्यावर नेला, त्याच्यापुढे नॉच नसतो. चाकं जागच्या जागी फिरू लागली, गाडी जेमतेम सरकत होती. चाकांना पकड यावी म्हणून रुळांवर वाळू सोडली. चाकं नुसतीच फिरत राहिली. काटा शून्यावर आला आणि गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक मारला.

"पुन्हा," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा आधीपासून जोर घेतला. तिथेच थांबली. तिसऱ्यांदा वाळू आधीच सोडली. मी पट्टी धरून उभा होतो, त्याच भरावावर थांबली.

पडद्यावर पाऊस पडत होता. मी हँडल धरून, मान खाली घालून बसलो होतो.

इस्माईलभाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. वाकून खालून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"काय साहेब, डोळा लागला का?"