ब्रेकमास्तरांना पडलेली स्वप्नं

रविवारी सकाळी ब्रेकमास्तर पांढरा शर्ट घालून, चेहरा पाडून मेव्हण्याच्या दारात उभे राहिले. वाटेत त्यांनी दोन वाक्यं घोकून ठेवली होती. एक, ‘वहिनी, धीर धरा.’ दुसरं, ‘आपल्या हातात काय असतं?’ त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं ते खुद्द मेव्हण्यानेच. तोंडात टूथब्रश, खांद्यावर टॉवेल.

“भाऊजी? एवढ्या सकाळी?”

मास्तरांनी आधी त्याचे पाय पाहिले. सरळ होते.

“तू बरा आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?”

तेवढ्यात आतून मेव्हण्याची बायको आली. घोकलेलं वाया जाऊ नये म्हणून की काय, मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, “वहिनी, धीर धरा.”

“बावीस वर्षं तेच करतेय,” वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मेव्हणा मेला होता तो मास्तरांच्या स्वप्नात, पहाटे. आणि स्वप्न इतकं साधंसुधं होतं, की मास्तरांना ते स्वप्न वाटलंच नाही.

हे सगळं सुरू झालं एका गोळीपासून. मास्तर गेली सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत होते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीला वापरायचा. मास्तरांना मात्र पावलोपावली अडचण दिसे. समोरून वाळकं पान उडत आलं तरी ते दोन्ही पायांनी ब्रेक दाबत आणि “मेलो!” म्हणून ओरडत. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं गाडी सोडून बाकी सगळं शिकत: डोळे मिटणं, देवाचं नाव घेणं, रिक्षाने घरी जाणं. सगळं गाव त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचं.

दिवसातून चाळीस वेळा मरणाऱ्या माणसाचं काळीज किती दिवस धड राहणार? एके दुपारी त्यांच्या छातीत पाखरू फडफडावं तसं झालं आणि फडफड थांबेचना. डॉक्टरीणबाईंनी तपासून काळजाची धाव आवरणारी गोळी दिली. चार दिवसांत पाखरू शांत बसलं. पण हत्ती गेला नि शेपूट राहिलं, तशातली गत झाली. खरं तर दोन शेपटं राहिली. एक म्हणजे मास्तरांचे हात बर्फासारखे गार पडू लागले. दुसरं, स्वप्नं.

लोकांना स्वप्नात पंख फुटतात, साप दिसतात. मास्तरांना स्वप्नात न्हावी दिसायचा. तो केस कापायचा, मानेवरची पावडर झटकायचा, आणि मग मास्तर मानेवर रुळणारे केस घेऊन “परवाच तर कापले” असं जगाला सांगत फिरायचे. स्वप्नात त्यांनी गाडीचा क्लच दुरुस्त करून घेतला, आणि तो दुरुस्त झालाय या भरवशावर चढावर गाडी थांबवली. त्या दिवशी गाडी मागे मागे जात थेट फुलवाल्याच्या टपरीला टेकली.

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“गोळी स्वतःहून बंद केली नाहीत ना?” त्यांनी आधी तेच विचारलं.

“नाही हो. निदान स्वप्नात तरी नाही केली.”

बाईंनी गोळी बदलली. “पण स्वप्नं लगेच थांबतील असं नाही. काही जणांना वेळ लागतो.”

“किती?”

“ते त्या स्वप्नांनाच ठाऊक.”

मेव्हण्याच्या घरची सांत्वनभेट झाली ती गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांनी. म्हणजे स्वप्नं काही हलायचं नाव घेत नव्हती.

मास्तरांची बायको ग्रंथालयात कामाला. नोंद केल्याशिवाय तिच्या हातून पानही हलत नसे. तिने एक वही आखली. एका बाजूला ‘झालं’, दुसऱ्या बाजूला ‘पडलं’. रोज सकाळी चहाबरोबर मास्तर एकेक गोष्ट सांगायचे आणि ती निकाल द्यायची.

“शेजारच्यांची शिडी परत दिली.”

“पडलं. शिडी आपल्याच मागच्या दारी आहे.”

“तू मला काल आळशी म्हणालीस.”

“झालं.”

व्यवस्था चांगली होती, पण न्यायाधीशच दावेदार असला की व्हायचं तेच झालं. एका सकाळी बायको म्हणाली, “माळा आवरतो असं तुम्ही काल कबूल केलंत. झालं या बाजूला लिहा.” मास्तरांना शंका आली, पण पुरावा कुठून आणणार? ते माळ्यावर चढले. जित्याजागत्याला मारलं म्हणून मेव्हण्याच्याही मनात सल होताच. त्याने फोन करून सांगितलं, “भाऊजी, आमच्या कुत्र्याला आठवडाभर सांभाळायचं तुमचं ठरलंय, आठवतंय ना?” कुत्रा आला. दहा दिवस राहिला.

शेवटी मास्तरांनी स्वतःसाठी एक नियम केला. साधी गोष्ट घडली तर संशय घ्यायचा. पण अगदीच अचाट काही दिसलं, तर ते स्वप्नच, डोळे झाकून.

या नियमाची परीक्षा लवकरच झाली.

त्या दिवशी गाडी चालवत होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास केलेल्या या बाई गाडीच्या परीक्षेत सात वेळा नापास झाल्या होत्या. चार महिन्यांत त्यांना स्वतःचा ब्रेक दाबायची वेळच आली नव्हती. त्यांच्या आधी मास्तर दाबत. गिअर दाखवायला मास्तरांनी हातावर हात ठेवला की बाई किंचाळत, “मास्तर, हात आहे की कुल्फी?”

गाडी मोठ्या चौकात आली. पुढे एक ट्रक होता, गाद्यांनी शिगोशीग भरलेला. वळणावर त्याचा दोर तुटला आणि फुलाफुलांच्या गाद्या, एकामागून एक, रस्त्यावर उड्या मारायला लागल्या. एक दुभाजकावर बसली. एक उभ्या उभ्या चालत आली आणि वृत्तपत्रवाल्यासमोर आडवी झाली.

मास्तरांचे पाय ब्रेककडे निघाले होते. ते वाटेतच थांबले. आभाळातून गाद्या पडतायत म्हणजे प्रश्नच मिटला! त्यांनी हाताची घडी घातली आणि पाठ टेकली.

“मास्तर, ब्रेक! ब्रेक मारा!”

“तुम्हीच मारा, बाई. किंवा नका मारू. माझं काय जातंय?”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा समोर, आणि ओठ घट्ट मिटले. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, दोन गाद्यांच्या मधून अलगद निघाली आणि तिसरीच्या पुढ्यात, चार बोटं अंतरावर, थांबली. धक्कासुद्धा बसला नाही.

“अगदी सुरेख,” मास्तर म्हणाले. मग दार उघडून खाली उतरले आणि भर चौकात, त्याच गादीवर आडवे झाले. माळा आवरून पाठ धरली होतीच.

शिट्टी वाजवत वाहतूक पोलीस आला. “काका, उठा! रस्ता अडलाय!”

“अडू दे. जरा वेळाने मला जाग येईल, मग सगळेच घरी जाल,” असं म्हणून मास्तरांनी समाधानाने डोळे मिटले.

पोलिसाने त्यांना उठवायला हात धरला आणि चटका बसावा तसा सोडला. “बाई, हे तर गार पडलेत! गेले वाटतं!”

“गेलेला माणूस बोलतो का?”

“ते आधी बोलले. आता कुठे बोलतायत?”

बाईंनी पदर खोचला आणि मास्तरांची नाडी धरली. “एक,” त्या म्हणाल्या. सगळा चौक थांबला. “दोन.”

“मध्ये एवढा वेळ?” पोलीस म्हणाला. “मधली सुट्टी असते का?”

“गप्प उभा राहा,” बाई म्हणाल्या, आणि पोलीस हात बांधून उभा राहिला.

ग्रंथालय चौकाच्या कोपऱ्यावरच होतं. कुणीतरी धावत जाऊन मास्तरांच्या बायकोला सांगितलं. ती चपला न घालताच आली. चेहरा पांढरा पडला होता. गादीशी गुडघे टेकून तिने नवऱ्याच्या गालाला हात लावला.

“अहो, उठा. हे झालंय. पडलेलं नाही.”

मास्तरांनी एक डोळा उघडला. “खरंच? की माळ्यासारखं?”

बायको ओशाळली. “माळ्याचं मी खोटं बोलले. हे खरं आहे.”

मास्तर उठून बसले. चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते, माणसं बघत होती, एक जण मोबाइलवर चित्रण करत होता. त्यांना घाम फुटला, भीती वाटली, लाजही वाटली. पण काळीज आपलं त्याच चालीने चाललं होतं, शेतावरून घरी येणाऱ्या बैलासारखं. अशी भीती त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती. तिच्याशेजारी बसून तिच्याकडे बघता येत होतं. ते उठले, गादीची गुंडाळी केली आणि पोलिसाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या बाईंनी बजावलं, “तुमच्या त्या ब्रेकला पाय लावलात तर गाडीबाहेर उभं करीन.” मास्तर सीटवर मांडी घालून बसले. आठव्या परीक्षेत बाई पास झाल्या. परीक्षकाने त्यांच्याशी बोलताना म्हणे दोनदा “हो बाई” म्हटलं. तेव्हापासून मास्तर सगळ्यांनाच मांडी घालून शिकवतात. नाव मात्र ब्रेकमास्तरच राहिलं. माणसं पास होतात, मास्तरांचे गुडघे दुखतात.

स्वप्नं हळूहळू विरळ झाली. आधी न्हावी यायचा थांबला, मग शेजारी. वहीतली ‘पडलं’ची बाजू कोरी राहू लागली. बायकोने तिथे किराण्याची यादी लिहायला सुरुवात केली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आणि हात?”

मास्तरांनी नुसता हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला आणि खुर्चीसकट मागे सरकल्या.

“हे मात्र राहील थोडं,” त्या म्हणाल्या.

म्हणून बायकोने लोकरीचे हातमोजे विणून दिले. लालभडक, कारण घरात तेवढीच लोकर उरली होती. मास्तर ते भर उन्हाळ्यात घालून गाडीत बसतात. नवीन शिकणाऱ्यांना वाटतं, ही गाडी शिकवण्याचीच काहीतरी वरची पायरी असावी. दोघांनी तर स्वतःसाठी तसेच विणून घेतलेत.