तिसऱ्यांदा नायट्रोजन

पाठीमागे आम्ही तिला तोफ म्हणायचो, समोर ताई. प्रयोगशाळेतली ती सर्वांत जुनी तंत्रज्ञ. कुणी चुकलं की आधी टपली मारायची, मग कारण सांगायची. शिकत असताना मीही तिच्या टपल्या खाल्ल्या. पुढे पीएच.डी. करून डॉक्टर झालो, तरी तो राग मनातून गेला नाही.

आमचं काम कमी विजेत पाण्यातून हायड्रोजन काढायचं. त्यासाठी कार्बनच्या पापुद्र्यांवर निकेल आणि प्लॅटिनमचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवून मी एक काळी पूड तयार केली होती. पूड माझी, पण ती धुणं, वाळवणं, तिची मोजमापं, सगळं ताईचं. भांड्यात हायड्रोजन उरलेला असताना हवा आत गेली, तर ही पूड काडी न लावता भडका उडवते. म्हणून उघडण्याआधी तीनदा नायट्रोजन वायू सोडून आतला हायड्रोजन हाकलायचा, हा ताईचा कायदा. ती मोठ्याने मोजायची.

त्या दुपारी आकडे असे आले की मी खुर्चीवरून उठलोच. पूड लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घालायची होती, आणि पाचला ते यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. ताईचं "दोन" म्हणून झालं होतं. मी घाई करायला लागलो, तिने डोळे वटारले. मी तिचा हात झिडकारला आणि झाकणाची पकड स्वतःच सोडवली.

तिने माझी कॉलर धरून मला मागे खेचलं आणि दुसरा हात माझ्या तोंडापुढे आडवा घातला. तेवढ्यात धडाका झाला. काच भिंतीत घुसली, छताचा पत्रा फाटला, कानांत नुसती शिट्टी उरली. फरशीवर रक्त होतं, ते माझंच समजून मी ओरडत होतो. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलाखाली पडली होती. माझ्या डोळ्यांना साधा ओरखडाही नव्हता.

चौकशी समितीला मी सांगितलं, ताई "तीन" म्हणाल्या म्हणून उघडलं. ती म्हणाली, दोनच झाले होते. पण तिच्या टपल्या खाल्लेले सगळे साक्षीला होते. बाई तापट, रागाच्या भरात चुकली असेल, असं ठरलं. पेन्शनला अकरा महिने उरले असताना तिला काढून टाकलं. मला वाटलं, सुटलो. मग माझा शोधनिबंध छापून आला, जो तो पाठ थोपटायला लागला, आणि मला ते सहन होईना.

रविवारी तिच्या घरी गेलो. लेकीने दार उघडलं आणि मला बघून ती आत निघून गेली. ताई डाव्या हाताने भांडी विसळत होती. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं, माझं चुकलं म्हणालो, रडलोही. तिने हात पुसले आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी अशी सणसणीत थप्पड लगावली की मी दारावर आदळलो. ओठ फुटला.

"माझ्याजवळ काय रडतोस?" ती म्हणाली. "उद्या समितीपुढे जा, हा गाल दाखव आणि का बसली ते सांग."

आज गुरुवार. गालाची सूज उतरत आली आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.