मी ओरडले नव्हते

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — माहीत नाही.

नीलेश आणि मी एकाच भागातले, उधन्याचे. त्याचे वडील लूमवर कापड विणणारे, माझे बँकेत. दोघंही विमान चालवायला शिकत होतो. मी त्याच्या थोडी पुढे, सोबत बसायची परवानगी मिळालेली. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या मीटरांवरच भरवसा ठेवावा लागतो. याच्या सरावासाठी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर एक झडप लावतात — मीटर तेवढे दिसतात, बाकी काही नाही. मग बाहेर कोण बघणार? शेजारी बसलेला. त्या दिवशी शेजारी मी होते.

"आजूबाजूला मोकळं आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले. न बघताच. मी खाली, उधन्याला लागून असलेल्या बमरोलीच्या बाजूला आमची सोसायटी शोधत होते.

मान वर केली तर समोर घार. 'सोड, मी घेते' — एवढंच ओरडायचं होतं. तोंडातून आवाजच निघाला नाही. मी न सांगता कंट्रोल ओढला. त्याला वाटलं, विमानच बिघडलं. त्याने जोर लावून धरून ठेवला. घार पंखावर आदळली. उतरताना आमचा अंदाज चुकला. विमान जोरात टेकलं, पुढचं चाक वाकलं.

चौकशीत मी सांगितलं — मी ओरडले, यानेच सोडलं नाही.

तो भांडला असता तर मी खरं बोलले असते का? नाही. तेच सांगितलं असतं. पण तो भांडलाच नाही. म्हणाला, "ती बोलली असेल, सर. मलाच ऐकू आलं नसेल."

त्याला प्रशिक्षणातून काढून टाकलं. त्याची आई म्हणाली, "भाऊ, एकदाव कान दखाडी ये." डॉक्टरांनी तपासलं, कान उत्तम होते. मग त्याने ठरवून टाकलं — घाबरलो की मला ऐकू येत नाही. असा माणूस विमान कसं चालवणार? पुन्हा तो कुठेच शिकायला गेला नाही.

मी वैमानिक झाले. तो पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात आहे. गेल्या महिन्यात नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला तिथे गेले होते. त्याने स्वतः चहा मागवला. साड्या उलगडता उलगडता, अगदी सहज, म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तू किती जोरात ओरडली होतीस?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. मला कुणी घाई करत नव्हतं.

"खूप जोरात," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि पुढची साडी उलगडली.