नायगावच्या मिठागरात आलेला कॉल

पक्षी बघायची मला हौस नाही. चिमणी बघायला पहाटे उठायचं? ती खिडकीत येते. तरी त्या रविवारी नायगावला गेलो, त्याला कारण जिन्यात कानावर पडलेलं एक वाक्य.

आमची ही, म्हणजे शालिनी, खालच्या मजल्यावरच्या सामंतांना सांगत होती, "आज पहाटे दोनदा कॉल आला. इतका गोड! हे घोरत होते, यांना पत्ताच नाही."

मी भाजीची पिशवी घेऊन वळणावर तसाच उभा.

सामंत बँकेतून रिटायर झालेले. बायको गेली, तेव्हापासून पक्षी बघतात. खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात दुर्बीण. मी आठवी पास, जन्मभर फिटर. खिशात पाना असायचा, म्हणून खिसा लागायचा. यांना एवढे खिसे कशाला?

आणखी एक गोष्ट. आधी ही स्वयंपाकघरातून सारखी "अहो!" करायची. "काय?" म्हटलं की "काही नाही." मग ओरडतेस कशाला? मी ओ द्यायचंच सोडलं. हल्ली हाक बंद झाली होती. मला वाटलं, सुटलो. जिन्यातलं ऐकलं आणि डोक्यात प्रकाश पडला. हाका बंद नव्हत्या, एक मजला खाली गेल्या होत्या.

"रविवारी सामंतांबरोबर कुठे जाताय?" मी हिला विचारलं.

"नायगावला, मिठागरांकडे. सोसायटीतले पाचसहा जण आहेत. तुम्ही कंटाळाल."

"मी येतोय."

जायचं असेल तर उजाडायच्या आत निघा. आमच्या एव्हरशाईन सिटीतून शेअर रिक्षानं वसई स्टेशन, तिथून एकच स्टेशन नायगाव. रविवारी त्या वेळेला पाय पसरून बसता येतं. पूर्वेला उतरा. स्टेशनबाहेर चहा-वडापाव खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. नवे टॉवर संपले की कच्चा रस्ता, मग मिठागराचे बांध. बूट घाला. मी चपलेत गेलो आणि भोगलं.

हिची पर्स, हिचा फोन, थर्मास, सगळं माझ्या अंगावर. सामंतांची दुर्बीण मात्र हिच्या गळ्यात. पट्टा छोटासुद्धा करून दिला त्यांनी.

बांधावर एक मीठवाली बाई ओरडली, "बाबा, कडेनं जाऊ नका, पानी चढतंय!"

सामंतांनी लगेच हिला हात दिला. मला कोणी दिला नाही.

सकाळ चांगली होती, खोटं कशाला बोलू. पाण्यावर गुलाबी उजेड, लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे चिखलात चालत होते, एकेक पाय बघून ठेवत. मी जरा बघत होतो, तेवढ्यात सामंत कुजबुजले, "कॉल आला!"

मी खिशातून हिचा फोन काढला. "कुणाचा?"

सगळे हसले. ही सगळ्यात जास्त.

"अहो, पक्ष्याच्या आवाजाला कॉल म्हणतात," ती म्हणाली. "आपल्या खिडकीबाहेर पहाटे येतो ना, दयाळ, त्याचाच सांगत होते मी परवा सामंतांना."

म्हणजे जिन्यातला कॉल दयाळाचा. जीव भांड्यात पडला. पण पूर्ण नाही. दयाळ आमच्या खिडकीत येतो आणि बातमी खालच्या मजल्यावर जाते?

मी सामंतांना धारेवर धरलं. "आपल्यात कावळ्याची कावकाव, चिमणीची चिवचिव, टिटवीची टिवटिव. सगळ्यांना एकच कॉल म्हणायचं, ही कसली भाषा?"

"तसे शब्द इंग्रजीतही आहेत," सामंत शांतपणे म्हणाले. त्यांचा हा शांतपणाच मला खुपतो. "कॉल म्हणजे कामाचा आवाज. लांबलचक गातो ते साँग. तुमच्या खिडकीतला दयाळ गात असेल, तर ते खरं साँग. धोका दिसला की ओरडतात तो अलार्म कॉल."

म्हणजे हिचंही चुकलं होतं! मी हिच्याकडे बघितलं. तिनं दुर्बीण डोळ्याला लावली.

तिवरांच्या झुडपात काहीतरी टुविट टुविट करत होतं. थोडं पलीकडून तसंच उत्तर. दिसत कोणीच नव्हतं.

"शिंपी पक्ष्याची जोडी," सामंत म्हणाले. "हा कॉन्टॅक्ट कॉल."

"म्हणजे काय सांगतात एकमेकांना?" हिनं विचारलं.

"काही नाही. मी इथे आहे, तू आहेस ना? एवढंच."

"आणि पलीकडून उत्तर आलं नाही तर?"

सामंतांनी टोपी काढून हातात धरली. "पुन्हा देतात. थोडा वेळ. मग बंद करतात."

हिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. परत येताना पाय चपलेत सोलपटले, पण ते कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मी खुर्चीत बसलो. पंख्याचा आवाज तेवढा. मग मीच हाक मारली, "अगं!"

उत्तर नाही.

पुन्हा, जरा मोठ्यानं, "अगं!"

"काय हो? काय झालं?"

"काही नाही."

"मग ओरडताय कशाला?"

"कॉन्टॅक्ट कॉल."

आतला नळ बंद झाला. ती दारात आली, हात पदराला पुसत, आणि अशी हसली की लग्नातली आठवली. म्हणाली, "थांबा, हे सामंतांना सांगायलाच हवं. माझा फोन कुठे आहे?"

फोन माझ्याच खिशात होता. मी म्हटलं, मला नाही माहीत.